दोन इंचांचा हिशेब

रायपूरच्या शंकर नगरातून निघालेल्या थारला एकाच सुट्टीत दोन अगदी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. पावसाळ्यात काळ्या कन्हार मातीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल जातात, की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. पुढे जगदलपूरच्या रस्त्याला केशकालचा घाट लागला, की तीच गाडी एकामागून एक वळणं घेत असते. चाकोरीत घासलेल्या मालकाला वाटतं, गाडी दोन इंच उचलून घ्यावी. त्या दोन इंचांची किंमत घाटात मोजावी लागते.

2020 साली आलेली, नाशिकला बनणारी तीन दारांची थार मुळातच जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच आहे. पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र, दोन विशबोनांवर टांगलेलं. मागे दोन्ही चाकं एका सलग अ‍ॅक्सलवर. स्पेसर, म्हणजे स्प्रिंगपाशी बसवायचे उंचीचे तुकडे, घालून ती 50 मिलिमीटर उचलली, तर वर जातो तो सांगाडा. मागचा अ‍ॅक्सल जागीच राहतो, कारण त्याच्याखालचा टायर तेवढाच असतो. त्यामुळे डिफरन्शियलचा गोळा तसूभरही वर येत नाही. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा. आणि टायरचा व्यास 50 मिलिमीटरने वाढवला, तरी अ‍ॅक्सलच्या वाट्याला त्यातले 25च येतात.

पुढच्या चाकांचं गणित अधिक नाजूक. विशबोनचं टोक कंसात फिरतं. विशबोन आडवा असेल, तर चाक जवळजवळ सरळ वर-खाली होतं. उचललेल्या गाडीत तो बाहेरच्या बाजूला खाली झुकतो आणि धक्का बसताच चाक वर जाता जाता बाहेरही सरकतं. स्टिअरिंगचा टाय रॉड वेगळ्या कंसात फिरू लागला, तर हात स्थिर असतानाही चाक किंचित वळतं आणि गाडी ओढ घेते. कॅम्बर आणि टो हे चाकांचे कोन बिघडले, की टायर एका कडेने झिजतो. शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, रबरी बूट लवकर फाटतात आणि ग्रीसमध्ये चिखल शिरतो.

आणखी एक तोटा सहज लक्षात येत नाही. नुसत्या स्पेसरने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही. वर जायला जागा जास्त मिळते, खाली उतरायला कमी उरते. खड्ड्यावरून जाताना चाक खाली पोहोचत नाही, अधांतरी फिरतं आणि पकड जाते. ज्या खड्ड्यांसाठी गाडी उचलली, तिथेच ती उणी पडते.

आता घाट. समजा डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर 1520 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 700 मिलिमीटरवर आहे. अशी गाडी उभ्या जागी साधारण 47 अंश कलेपर्यंत उलटत नाही. चाकं आणि अ‍ॅक्सल खालीच राहिल्याने गुरुत्वमध्य 40 मिलिमीटर वर गेला असं धरलं, तर ही मर्यादा 46 अंशांच्या आत येते. फरक लहान दिसतो, पण हा हिशेब ताठ उभ्या गाडीचा आहे. वळणावर गाडी स्प्रिंगांवर कलते, टायर दबतो, टपावर सामान असतं. हाताशी असलेली शिल्लक आधीच थोडी असते. दीड अंश तिच्यातूनच जातो.

म्हणून उचलायचीच असेल, तर थोडी उचलावी, जास्त हालचाल देणारे शॉक आणि बदललेल्या कोनांना जुळणारे विशबोन घ्यावेत आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. कायदाही विसरू नये: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे लागू केलं.

त्याही आधी, चिखलातून परतल्यावर गाडीखाली वाकून पाहावं. खरचटल्याच्या खुणा पोटावर असतील, तर उंचीचा उपयोग आहे. त्या डिफरन्शियलवर असतील, तर स्पेसरचे पैसे वाचवावेत.