पंखा दुरुस्त करणारा पोरगा आणि सौरऊर्जेचं काम

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक येतात आणि विचारतात, "सर, याला आता कुठं टाकायचं?" कॉलेजचा खर्च झेपत नाही, आणि मामू सऊदीहून व्हिजा पाठवतील या आशेवर दोन वर्षं निघून जातात. मोहल्ल्यात वायरिंग करणारी, पंखे-मोटार बांधणारी मुलं कमी नाहीत. हुनर आहे, पण कागद नाही.

हा कागद आता का महत्त्वाचा झाला, ते नीट समजून घेऊ या. केंद्राची 'पीएम सूर्य घर' योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवायचं उद्दिष्ट आहे, आणि तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. महाराष्ट्रात याच्या जोडीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चालू आहे, शेतीला दिवसा वीज देण्यासाठी.

यात रोजगार नेमका कुठं आहे? मोठा सौर प्रकल्प उभा करताना माणसं लागतात, पण एकदा उभा राहिला की देखभालीला थोडीच पुरतात. छतावरचं काम वेगळं. प्रत्येक घरी जाऊन लोखंडी सांगाडा वेल्डिंग करायचा, वायर ओढायची, इन्व्हर्टर बसवायचा, अर्थिंग करायचं, मीटर बदलून घ्यायचा. हे काम आपल्याच गावात मिळतं. मात्र काम घेणारी एजन्सी नोंदणीकृत असावी लागते, आणि ती सर्टिफिकेटवाला मुलगा आधी घेते. उस्तादच्या दुकानात सहा वर्षं घासलेला मागं राहतो.

रस्ता आयटीआयमधून जातो. वीजतंत्री (दहावी पास लागते) आणि तारतंत्री हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. दहावीत नापास झालेल्यालाही तारतंत्री, वेल्डर अशा ट्रेडना अर्ज करता येतो, हे बऱ्याच अम्मी-अब्बूंना माहीतच नसतं! सौर तंत्रज्ञाचा ट्रेड एक वर्षाचा आहे, पण सगळीकडे नाही. जवळच्या आयटीआयमध्ये विचारावं. मुलींसाठी जागा राखीव असतात. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी वीजतंत्री झाली, तेव्हा घरात दोन महिने भांडण चाललं होतं.

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. 2015 पासून खाणमालकाला स्वामित्वधनाशिवाय त्याच्या 10 ते 30 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला भरावी लागते. हा पैसा खाणबाधित गावांसाठी आहे, आणि कौशल्य प्रशिक्षण त्याच्या प्राधान्याच्या कामांत मोडतं. पण मागणी गावातून जावी लागते. ग्रामसभेत आपली माणसं बसतच नाहीत, मग रस्ते आणि गटारंच यादीत येतात.

प्रवेश अर्ज ऑनलाइन असतो, निकालानंतर मुदत थोडी. दाखला, गुणपत्रिका, आधार आत्ताच एका पिशवीत काढून ठेवा. जातीचा दाखला लागू असेल तर तो सगळ्यात आधी, कारण उशीर तिथंच होतो.