संकेतस्थळावरील जाहिरातींचें उत्पन्न : तें येतें कसें व किती

आमच्या वाचकांपैकीं कित्येक बागाईतदारांनीं अलीकडे आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. घरांतील शिकलेला मुलगा किंवा पुतण्या म्हणतो कीं, आपल्या पिकाची माहिती देणारें एक लहानसें संकेतस्थळ काढूं, त्यावर जाहिराती आपोआप येतील व त्यांचे पैसे दरमहा बँकेंत जमा होतील. या म्हणण्यांत तथ्य किती? कांहीं ठिकाणीं ही विद्या शिकविण्याचे वर्ग निघाले असून त्यांची फी भरण्याकरितां वडील माणसांकडे मागणी झालेली आहे. तेव्हां फी भरण्यापूर्वीं हा धंदा मुळांत काय आहे हें समजून घेणें अवश्य वाटल्यावरून आज हा विषय घेतला आहे.

गूगल या अमेरिकन कंपनीनें आपल्या शोधपानावर शब्दांवरून जाहिराती दाखविण्याची पद्धत २००० सालच्या ऑक्टोबरांत सुरू केली. मनुष्य जो शब्द शोधावयास घालतो त्याच्याशीं जुळणारी जाहिरात त्यास दिसावी, हें तिचें तत्त्व. २००३ च्या जूनमध्यें कंपनीनें अ‍ॅडसेन्स नांवाची योजना काढून हीच युक्ति दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर नेली. त्याच वर्षीं एप्रिलांत तिनें अप्लाइड सिमँटिक्स नांवाची कंपनी विकत घेतली होती. मजकूर वाचून त्याचा विषय ओळखणारी यंत्ररचना करणें हें त्या कंपनीचें काम होतें, आणि अ‍ॅडसेन्स हें नांवही तिच्याकडूनच आलेलें आहे. त्यापूर्वीं जाहिरात मिळवावयाची तर बहुधा जाहिरातदाराच्या दारीं स्वतः जावें लागे. मोठ्या वर्तमानपत्रास तें परवडे, एका पिकावर दहा-वीस पानें लिहिणाऱ्यास परवडत नसे. अ‍ॅडसेन्सनें हें अडत्याचें काम आपल्याकडे घेतलें, एवढाच तिचा नवेपणा. पण त्यामुळें लहान माणसास बाजाराचें दार उघडलें हें खरें.

कामाची रीत अशी आहे. लेखकानें आपल्या पानांत संगणकाच्या भाषेंतील कांहीं ओळी घालून ठेवावयाच्या. मग कंपनीचें वाचकयंत्र त्या पानावरून फिरून मथळे, शब्द व एका शब्दाशेजारीं येणारे दुसरे शब्द हें सर्व पाहतें व पान कशासंबंधीं आहे याचा अंदाज बांधतें. डाळिंब, आंबे बहार, ठिबक, बोर्डो मिश्रण असे शब्द असतील तर ठिबक संच, फवारणी पंप, रोपवाटिका यांच्या जाहिराती त्यास जुळतात. वाचकानें पान उघडतांच त्या जागेकरितां जाहिरातदारांच्या बोलींचा लिलाव होतो, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तो संपून जाहिरात पानावर लागलेली असते. बाजार समितीच्या आवारांत एका ढिगाचा सौदा तुटण्यास किती घासाघीस लागते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें नवल वाटेल.

यंत्राचा अंदाज कधीं कधीं चुकतोही. 'छाटणी' हा शब्द बागाईतदारास वेलीचा, परंतु शहरी वर्तमानपत्रांत तो नोकरांच्या कपातीचा. 'तेल्या' म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा येतो. यंत्रास त्यांत खाद्य तेल दिसलें तर त्याचा दोष काय? याकरितां मथळ्यांत नुसतें 'छाटणी' न लिहितां 'द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी' असें पुरतें लिहावें. वाचकासही तें सोईचें पडतें. शिवाय जाहिरात केवळ पानावरील मजकुरावरूनच येते असें आतां राहिलेलें नाहीं. २००९ पासून वाचकानें पूर्वीं काय काय पाहिलें यावरूनही ती निवडली जाते, आणि म्हणून तुमच्या डाळिंबाच्या पानावर एकास ट्रॅक्टर तर दुसऱ्यास लग्नाचे शालू दिसूं शकतात.

आतां हिश्श्याविषयीं. जाहिरातदाराच्या १०० रुपयांपैकीं ६८ लेखकास, हें प्रमाण कंपनीनें २०१० सालीं उघड केलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत तिनें हिशेबाची नवी मांडणी जाहीर केली. तिच्याच जाहिरात-पेढीकडून आलेल्या जाहिरातींवर ती पेढी सरासरीनें शेंकडा १५ आधीं कापून घेते, व उरलेल्या ८५ चे शेंकडा ८० लेखकास मिळतात. ८५ चे शेंकडा ८० म्हणजे पुन्हां ६८च. मांडणी बदलली, वाटा तोच राहिला. अर्धेलीच्या वाट्यापेक्षां हा बरा दिसतो. पण अर्धेलींत रास खळ्यावर दोघांच्या डोळ्यांदेखत मोजली जाते, येथें माप एकाच्याच हातीं आहे, हें विसरून चालणार नाहीं. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. पूर्वीं वाचकानें जाहिरातीवर टिचकी मारली तर मुख्यत्वें पैसे मिळत. २०२४ च्या आरंभापासून जाहिरात वाचकास दिसली याबद्दल ते मोजले जातात.

पैसे किती, हा खरा प्रश्न. यास एक उत्तर नाहीं, कारण भाव जाहिरातदाराच्या ऐपतीवर ठरतो. अमेरिकेंतील विमा, कर्ज, वकिली यांसंबंधींच्या इंग्रजी पानांस जो भाव येतो तो मराठी शेतीच्या पानास येत नाहीं. वर्गवाले जे आंकडे दाखवितात ते बहुधा पहिल्या जातीचे असतात. म्हणून आपण एक कल्पित हिशेब मांडूं. समजा, हजार वेळां पान उघडलें असतां लेखकाच्या पदरीं ४० रुपये पडतात, आणि रोज ३०० वाचक येऊन प्रत्येकजण दोन पानें पाहतो. म्हणजे रोज ६०० व महिन्यास १८,००० वेळां पान उघडलें. अठरा चाळीस ७२० रुपये. कंपनी १०० डॉलर सांठल्याखेरीज रक्कम धाडीत नाहीं. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हे ८,५०० रुपये होतात, आणि ते सांठण्यास बारा महिने लागतात. संकेतस्थळाचें नांव व संगणकावरील जागा यांस वर्षाकाठीं ४,००० रुपये खर्च धरला तर हातीं सुमारें साडेचार हजार उरतात. आणि रोज ३०० वाचक हे कांहीं पहिल्या दिवशीं येत नसतात. वाचक दहापट झाले तर उत्पन्नही त्याच मानानें वाढेल हें कबूल. परंतु ते दहापट कशानें होणार, तेथेंच सारी मेख आहे.

आमचा स्वतःचा अनुभव येथें सांगतों. आम्हीं प्रथम जें संकेतस्थळ काढलें त्याचा विषय 'शेती' हा ठेवला होता. ज्वारीपासून रेशमाच्या किड्यांपर्यंत सर्व कांहीं त्यांत होतें आणि वाचक मात्र नव्हता. चूक आमचीच होती. सगळ्या रानांत थोडेंथोडें पेरून आम्हीं एकही पट्टी नीट भिजविली नाहीं. पुढें तें सर्व मोडून केवळ डाळिंब घेतलें. मृग बहाराकरितां पाणी किती दिवस तोडावें, पानगळ केव्हां करावी, एक टक्का बोर्डो मिश्रणास १०० लिटर पाण्यांत मोरचूद एक किलो व चुना एक किलो घेतांना कोणतें द्रावण कोणत्यांत ओतावें, असल्या एकेका प्रश्नास एकेक पान दिलें. बागाईतदार 'शेती' असें शोधीत नाहीं. फळावर डाग पडला म्हणजे रात्रीं दहा वाजतां त्या डागाविषयीं शोधतो. त्या प्रश्नाचें नेमकें उत्तर जेथें असेल तेथें तो येतो व शेजाऱ्यासही सांगतो. बहाराचें पान बहाराच्या दोन महिने आधीं तयार असावें, हेंही आम्ही ठेंच लागून शिकलों. सोलापुरास २००५ पासून डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील शिफारशी पाहून घेतल्याखेरीज औषधाचें प्रमाण लिहूं नये, कारण चुकीच्या प्रमाणानें दुसऱ्याची बाग जाते.

बाग जाण्यावरून आमच्या मनास सर्वांत अधिक लागलेली गोष्ट सांगावयाची आहे. आम्हीं तेल्याच्या पानावर स्पष्ट लिहिलें होतें कीं, हा रोग एका औषधानें हटत नाहीं. रोगट फांद्या छाटून जाळणें, बागेस विश्रांति देणें, निरोगी रोपें आणणें हें सर्व मिळून करावें लागतें. एके दिवशीं पाहतों तों त्याच मजकुराच्या खालीं, तेल्याचा खात्रीनें नायनाट करणाऱ्या एका बाटलीची जाहिरात! जो मनुष्य कर्ज काढून बाग उभी करून बसला आहे व जिच्यावर डाग पाहून ज्याची झोंप उडाली आहे, तो आमच्या परिच्छेदावर विश्वास ठेवील कीं त्या बाटलीवर? आणि ती बाटली आमच्या पानावर दिसल्यामुळें तीस आमचीच संमति आहे असें त्यास वाटलें तर त्यांत वावगें काय? त्या पानाचे जे पैसे आम्हांस मिळाले असतील त्यांत त्या बाटलीचाही अंश असणारच. यास उपाय आहे. खात्याच्या व्यवस्थेंत विशिष्ट जाहिरातदार किंवा जाहिरातींचा एखादा वर्गच बंद करण्याची सोय ठेवलेली आहे. ती आम्हीं वापरली, व आठवड्यांतून एकदां आपलीं पानें स्वतः पाहण्याचा नेम ठेवला. उत्पन्न थोडें घटतें. आम्ही तें घटूं देतों.

पण पाहतांना जाहिरातीवर स्वतः टिचकी मारूं नये. हा नियम कडक आहे. आपल्याच जाहिरातीवर टिचकी मारणें, घरच्यांस किंवा मित्रांस तसें करावयास सांगणें, यापायीं खातें कायमचें बंद होऊं शकतें व सांठलेली रक्कमही मिळत नाहीं. एकत्र कुटुंबांत ही गोष्ट मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांस आधींच बजावून ठेवावी, कारण तेथें प्रेमानें केलेली मदतच घात करते. तसेंच दुसऱ्याचा मजकूर उचलून आपल्या पानावर टाकल्यास खातें मंजूर होत नाहीं. १० डॉलर सांठल्यावर कंपनी पत्ता पडताळण्याकरितां टपालानें एक अंक धाडते, व चार महिन्यांत तो भरला नाहीं तर जाहिराती थांबतात. खेड्यांतील वाचकांनीं पत्त्यांत वस्ती, तालुका व पिनकोड नीट लिहून पोस्टमनासही सांगून ठेवावें. रक्कम पात्र झाली म्हणजे ती पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान बँकेकडे रवाना होते. शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकरांतून जी सूट आहे ती या पैशास लागू नाहीं. वही वेगळी ठेवावी.

एक भय अलीकडचें आहे. २०२४ पासून गूगल कित्येक प्रश्नांचें उत्तर आपल्या शोधपानाच्या माथ्यावर स्वतःच तयार करून देऊं लागली आहे. मोरचुदाचें प्रमाण तेथेंच कळलें तर वाचक आमच्या पानापर्यंत कशास येईल? अशा वेळीं जें दुसऱ्याजवळ नाहीं तेंच लिहिलें पाहिजे. आपल्या तालुक्याची माती, आपल्या विहिरीचें पाणी, आपल्या बागेंत या वर्षीं झालेला खर्च. शिवाय एकाच अडत्याच्या तोंडाकडे पाहत बसूं नये. तालुक्यांतील एखादा रोपवाटिकावाला वर्षाची ठराविक रक्कम देऊन पानावर आपली पाटी लावण्यास तयार झाला, तर मधला हिस्सा वांचतो व त्याच्या रोपांची पारख आपण शिवारांत जाऊन करूं शकतों. आमच्या मतें लहान संकेतस्थळास हा सौदा बहुधा अधिक लाभाचा ठरतो.

राहिली वर्गांची फी. अ‍ॅडसेन्सचें खातें उघडण्यास एक पैसाही पडत नाहीं, वय मात्र अठरा वर्षांचें पुरें लागतें. मराठी ही मान्य भाषांपैकीं एक आहे, व सर्व नियम कंपनीनें विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत. मुलास खरोखर हौस असेल तर त्यास आपल्याच पिकावर मराठींत वीस पानें लिहावयास सांगावें, व तीं लिहून झाल्यावर मग फीची गोष्ट काढावी.