सरावाचं रानडुक्कर घरीच बनवा; पण पोटात खिळा, तार अन् बांबू नको

कसबा पेठ, पुणे : द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली, तेव्हा झाडावरचा पक्षी खरा नव्हता. कारागिरांकडून बनवून घेतलेला तो भास पक्षी होता, असं महाभारताच्या आदिपर्वात आहे. म्हणजे प्राण्याच्या आकाराचं लक्ष्य हाताने बनवायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बाहेरही नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये पक्ष्याच्या लक्ष्यावर बाण मारायच्या स्पर्धा होत्या. आता या प्रकाराला थ्रीडी तिरंदाजी म्हणतात. तिची पहिली जागतिक स्पर्धा २००३ मध्ये फ्रान्समध्ये झाली.

महाराष्ट्राच्या गावखेड्यात तिरंदाजी रुजतेय, हे वेगळं सांगायला नको. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोचला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्यांचा खेळ गोल कागदी लक्ष्यावरचा. पण रोज तेच गोल बघून लहान पोरं कंटाळतात. समोर डुक्कर किंवा हरीण उभं केलं की सराव रंगतो आणि अंतराचा अंदाजही येतो. फोमचे विकतचे प्राणी महाग पडतात, म्हणून घरी बनवायचा विचार येतो. इथेच एक चूक हमखास होते.

देखाव्याची पद्धत इथे उलटी

कसबा पेठ ही पुण्याची जुनी वस्ती. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा अशी इथल्या गल्ल्यांची नावंच धंद्यांवरून पडलीत. मानाचा पहिला गणपतीही इथलाच. गणपतीच्या देखाव्यातला प्राणी कसा करतात, हे गावोगावच्या मंडळांना माहीत असतं. आत बांबूचा किंवा लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर गवत, सुतळी, कापड आणि वरून रंग.

बाणाच्या लक्ष्याला हीच पद्धत घातक. बाण सांगाड्यावर आदळला की ॲल्युमिनियमचा असेल तर वाकतो, लाकडी मोडतो. कार्बनच्या बाणाला बारीक चीर पडते आणि ती सहज दिसत नाही. असा बाण पुढच्या वेळी सुटतानाच फुटू शकतो आणि त्याच्या फाका धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून शरीर मऊ ठेवायचं आणि आधार बाहेरून द्यायचा.

धड कसं भरायचं

बाण थांबतो तो घर्षणाने. भोवतालचा माल बाणाच्या काडीला घट्ट धरतो, म्हणून तो अडकतो. कडकपणाचा इथे उपयोग नाही.

रानडुकराचा आकार सर्वांत सोपा, कारण धड पोत्यासारखंच असतं. चांगलं बारदान घ्या. जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरा, पण आधी बटणं, चेन, हुक काढून टाका. थोडं थोडं भरत दांडक्याने ठासायचं. सैल राहिलं तर बाण आरपार जातो. तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवा, तारेने बांधू नका. डोकं म्हणजे लहान पिशवी, तीही तशीच भरून पुढे शिवायची. कान, शेपूट, पाय पुठ्ठ्याचे. ते फक्त दिसण्यापुरते. भाताचा पेंढाही चालतो, पण आवळून बांधावा लागतो आणि पावसात कुजतो.

हरणासारखा सडपातळ प्राणी हवा असेल तर दुसरी पद्धत. खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा. त्या एकावर एक रचून वर-खाली फळी द्या आणि पट्ट्याने करकचून आवळा. पट्ट्यांच्या कडा नेमबाजाकडे आल्या पाहिजेत, म्हणजे बाण दोन थरांच्या मधे शिरतो. थप्पीपुढे कापडावर रंगवलेलं हरीण टांगायचं. चित्र फळ्यांवर येऊ देऊ नका. फाटलं की कापड बदला, थप्पी तीच राहते.

गुणांसाठी छातीच्या जागी एकात एक वर्तुळं काढा. थ्रीडी स्पर्धेत आतून बाहेर ११, १०, ८ आणि उरलेल्या अंगाला ५ गुण असतात. अंतर आधी सांगत नाहीत.

उभं कुठे करायचं

कसब्यातल्या वाड्यात किंवा गच्चीवर हा प्राणी बनवता येईल, पण तिथे बाण मारायचा नाही. चुकलेला बाण शंभर मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. गावाकडे मातीचा उंच बांध मागे असलेली जागा बघा. बांधामागे पायवाट, गोठा, उसात काम करणारी माणसं नाहीत, याची खात्री आधी करायची. नुसता ऊस मागे असणं म्हणजे आडोसा नव्हे.

धड बांबूच्या तिकाटण्याला दोरीने टांगा, पण बांबू बाणाच्या वाटेत येऊ देऊ नका. जुना टायर मागे ठेवायचा मोह टाळा, रबरावरून बाण उसळून परत येतो. टोक साधं, सरावाचंच वापरा. शिकारीचं पात्याचं टोक बारदान फाडतं आणि माणसालाही कापतं.

पहिली चाचणी कमी ताणाच्या धनुष्याने घ्या. सगळ्यांनी धनुष्य खाली ठेवल्यावरच पुढे जाऊन मागची बाजू बघा. टोक बाहेर आलं असेल तर आणखी भरा. बाण उपसताना लक्ष्यावर एक हात दाबून सरळ ओढायचा आणि मागे कोणाला उभं करायचं नाही. झटक्याने सुटलेल्या बाणाचं मागचं टोक डोळ्यात जाऊ शकतं. पोरं सराव करत असतील तर एक मोठं माणूस तिथे हवंच.

बिबट्या नको

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्याचा आकार टाळलेला बरा. संध्याकाळी उसाच्या कडेला उभा दिसला तर रस्त्यावरचा दुचाकीवाला घाबरून पडेल आणि गावात अफवा उठेल. कोणताही प्राणी असो, सराव संपला की तो घरात आणून ठेवा.

आणखी एक गोष्ट पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची. बारदानाच्या डुकरावर बाण मारणं हा खेळ आहे. खऱ्या वन्य प्राण्यावर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग हातात बंदूक असो की धनुष्य.