वर बर्फ, खाली कोमट : फ्रीजचा पंखा बंद पडतो तेव्हा

(सिंदी (रेल्वे) येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज आपण फ्रीजमधल्या पंख्याबद्दल बोलणार आहोत. फ्रीजमध्ये पंखा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि तो बंद पडला की बिल मात्र गॅसचं येतं. म्हणून हा विषय घेतला.

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते. वर बर्फ बरोबर जमतो, खाली दूध फाटतं. भाजी लिबलिबीत होते, पाण्याची बाटली कोमट. मशीन तर दिवसभर घरघरतंय, मग थंडी जाते कुठे? ती वरच अडकलेली असते. तिला खाली आणणारा पंखा थांबलेला असतो.

आधी आपला फ्रीज कोणत्या जातीचा ते बघून घ्या. आपल्याकडे गोदरेजनं १९५८ साली फ्रीज बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून कित्येक वर्षं घरोघरी एका दाराचा, हातानं बर्फ काढायचा फ्रीज होता. त्याला डायरेक्ट कूल म्हणतात. त्यात बर्फाच्या कप्प्याभोवतीची थंड हवा आपोआप खाली उतरते, पंखा लागत नाही. दोन दारांचे बहुतेक फ्रीज फ्रॉस्ट फ्री असतात. दारावर ताऱ्यांचं जे लेबल असतं त्यावर हा प्रकार लिहिलेला असतो. आजचं बोलणं या दुसऱ्या जातीबद्दल आहे.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंड होणारी कॉइल दिसत नाही. ती फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या भिंतीआड असते. तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरची गार हवा ओढून फ्रीझरमध्ये फेकतो आणि त्यातलीच थोडी एका नळकांड्यातून खालच्या कप्प्यात पाठवतो. फ्रीझरला कॉइलचा शेजार आहे, त्यामुळे पंखा थांबला तरी तिथं काही दिवस बर्फ राहतो. खालचा कप्पा मात्र पूर्णपणे पंख्यावर जगतो.

आता पंख्याची पहिली तपासणी, जी कोणालाही करता येते. फ्रीझरचं दार उघडलं की बहुतेक मॉडेलांत पंखा मुद्दाम थांबतो. म्हणून दार उघडून ऐकलं तर आवाज येणारच नाही, आणि लोक म्हणतात, ‘झालं, पंखा गेला!’ दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं, ते बोटानं दाबून धरा. मशीन चालू असेल तर हलकी सळसळ ऐकू यायला हवी आणि जाळीपाशी हात धरला तर हवा लागायला हवी. मशीन नुकतंच सुरू झालं असेल तर काही मिनिटं थांबा. काही फ्रीजमध्ये कॉइल गार झाल्याशिवाय पंखा फिरत नाही. काहींत बटणाऐवजी लोहचुंबकावर चालणारा स्विच असतो, तिथं बोटाचा उपयोग नाही. पण बटण असेल आणि तेच चिकटून बसलं असेल, तर फ्रीजला वाटतं दार उघडंच आहे, आणि चांगला पंखा गप्प राहतो. हा सगळ्यात स्वस्त बिघाड.

टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर पात्याला काहीतरी लागतंय. बहुधा बर्फ. आणि इथं खरी गोष्ट सुरू होते, कारण कित्येक वेळा पंखा स्वतः बिघडलेला नसतो. त्याला बर्फानं गाडलेलं असतं.

दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि तिचं पाणी कॉइलवर गोठतं. हे रोजचंच आहे. म्हणून काही तासांनी फ्रीज स्वतःच मशीन बंद करतो आणि कॉइलखालचा हीटर लावतो. बर्फ वितळतो, पाणी नळीनं मागच्या ट्रेमध्ये जातं आणि मशीनच्या उष्णतेनं उडून जातं. या कामात हीटर, बायमेटल नावाचा थंडी-उष्णता ओळखणारा स्विच, एक फ्यूज आणि टायमर किंवा सर्किट बोर्ड, एवढे गडी असतात. यातला एक जरी बसला तरी बर्फ साठत जातो. आधी जाळीसारखी कॉइल बुजते, मग पंखा. पाण्याची नळी तुंबली तरी तेच होतं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर नळीकडे संशय न्यावा.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की वर्धा जिल्ह्यात कूलर लावतात आणि फ्रीजही त्याच खोलीत असतो. कूलर म्हणजे ओलावा. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी त्या खोलीतली दमट असते, आणि दार उघडलं की तीच कॉइलवर जाऊन बसते. पुढे पावसाळ्यात तर सगळीच हवा दमट. सिंदीच्या तान्ह्या पोळ्याला पाहुणे आले की दिवसभर दार उघड-मीट चालते, कोणी पाणी काढतं, कोणी दूध ठेवतं. धडधाकट फ्रीज एवढं सहन करतो. ज्याचा हीटर गेला आहे तो दोन-चार दिवसांत बसतो. दाराचं रबर सैल असेल तर आणखी लवकर. रबरात नोट अडकवून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर तिथून हवा जाते.

मग करायचं काय? प्लग काढा, सामान बाहेर काढा, दोन्ही दारं उघडी टाका. पूर्ण एक दिवस. खाली फडकी अंथरा, कारण मागचा ट्रे भरून वाहतो. चाकू, पेचकस, उलथनं यातलं काहीही बर्फावर चालवू नका. कॉइल पातळ ॲल्युमिनियमची असते. एक भोक पडलं की मग खरोखरच गॅस जातो. आणि आजच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन असतो, जो पेट घेतो. मागच्या पाटीवर ते छापलेलं असतं. त्यामुळे मेणबत्ती-बर्नरचे प्रयोग नकोत.

दिवसानंतर फ्रीज लावला आणि पंखा फिरला, खालीही गार झालं, तर आनंद करायला हरकत नाही, पण तारीख लिहून ठेवा. आठ-पंधरा दिवसांत तीच तक्रार परत आली तर पंखा ठीक आहे. बर्फ वितळवणारी व्यवस्था गेली आहे. आणि बर्फ नसतानाही पंखा फिरला नाही तर दोष पंख्यात, वायरीत, स्विचमध्ये किंवा बोर्डात. प्लग काढून पातं बोटानं फिरवून बघितलं तरी कळतं. मोकळं फिरायला हवं, अडखळलं तर मोटर झिजली.

इथं सभागृहातून प्रश्न आला : ‘मेकॅनिक म्हणते, गॅस संपला. आम्ही काय बोलावं?’

त्याला मागची भिंत उघडून कॉइल दाखवायला सांगा. गॅस कमी असेल तर कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यावर दहिवर दिसतं आणि बाकीची कॉइल उघडी, कोरडी असते. अख्खी कॉइल बर्फात बुडाली असेल तर मशीन आणि गॅस आपलं काम करताहेत. एवढा बर्फ उगाच होत नाही. ही पाहणी बर्फ वितळण्याआधी व्हायला हवी, म्हणून मेकॅनिक नागपूर-वर्ध्याहून उद्या येणार असेल तर तोपर्यंत फ्रीज बंद करू नका. थांबणं शक्यच नसेल तर निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गॅस भरताना फ्रीज तसाही तासन्‌तास बंद राहतो, बर्फ वितळतो, आणि घरी आणल्यावर तो छान चालतो. श्रेय गॅसला मिळतं. पंधरवड्यानं दूध पुन्हा फाटतं.

तपासणी मल्टिमीटरनं होते, आणि ती आपल्यासमोर व्हावी असा आग्रह धरा. १५० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर चालतो, म्हणजे त्याचा रोध साधारण ३५० ओहम दाखवायला हवा. काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटला. बायमेटलच्या बाबतीत एक फसगत होते. तो थंडीत जोडलेला आणि गरम झाल्यावर तुटलेला असतो. फ्रीज सुकल्यावर तपासला तर चांगला बायमेटलही ‘खराब’ ठरतो. त्याला बर्फात थंड करूनच बघावं लागतं. इन्व्हर्टर फ्रीजचा पंखा बहुधा १२ व्होल्टच्या आसपास चालतो. वीज पोचते आणि तो फिरत नाही, तर पंखा बदला. वीजच पोचत नसेल तर नवा पंखा आणून काही होणार नाही, आधी वायर आणि बोर्ड बघा. चालू विजेवरची ही कामं घरी करू नका. मोठ्या फ्रीजमध्ये मागे मशीनपाशीही एक पंखा असतो; त्यावर धूळ बसली तर दोन्ही कप्पे मंदावतात, ती प्लग काढून ब्रशनं झाडता येते.

शेवटी औषधांचं. न वापरलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. खालचा कप्पा गरम झाला की घरातलं कोणीतरी ते काळजीपोटी फ्रीझरमध्ये ठेवतं, कारण तिथं गार आहे. इन्शुलिन एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं, मग ते वितळून दिसायला कितीही स्वच्छ असो. त्यापेक्षा शेजारच्या फ्रीजमध्ये किंवा औषधांच्या दुकानात ठेवायला द्या, नाव लिहून. उन्हाळ्यात कोरड्या हवेत ओल्या माठाचा गारवा चालू कुपीपुरता कामी येतो, पण पोळ्याच्या दिवसांत, हवा दमट असताना, माठ तेवढा गार होत नाही. आणि कुपी कोरड्या डबीत, माठाच्या पाण्यापासून वेगळी ठेवा.