सात किलोंची सॅक

आमची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी एरंडोलहून हैदराबादेस निघाली. जन्मात पहिल्यांदा विमान. आठ दिवस आधीपासून घरात बांधाबांध सुरू होती. कळण्याचे पीठ, शेवया, कुरडया, बिबडे, डिंकाचे लाडू, वर्षाचे तिखट, बाळाची दुपटी आणि वर आक्काची चार लुगडी. शेजारची म्हातारी ते पाहून म्हणालीच, "माय, इतलं वझं कसाले?" आक्काने ऐकले नाही. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कसे जायचे?

विमानतळावरच्या काट्याने ते सांगितले. मोठी बॅग अठरा किलो भरली, हातातली दहा. मुभा होती पंधरा आणि सात. जादा सहा किलोंचे पैसे भरा, नाहीतर सामान काढा. पोचवायला आलेला भाचा तोवर परतीच्या गाडीत बसला होता. मागे रांग खोळंबलेली. आक्काने रुमालाची गाठ सोडली आणि बाळाच्या चांदीच्या वाळ्यांसाठी जमवलेले पैसे मोजून दिले. दोष कोणाचा नाही, नियम तिकिटावर छापलेला होता. पण तो घरात कोणी वाचला नव्हता, आम्हीसुद्धा नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

विमान आता आपल्यापासून दूर राहिलेले नाही. जळगावचा कुसुंबा येथील विमानतळ २०१२ साली सुरू झाला. केंद्राच्या 'उडान' योजनेत २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनचे छोटे विमान मुंबईस जाऊ लागले, ते टिकले नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. मग २०२४ मध्ये फ्लाय-९१ ने गोवा, हैदराबाद, पुणे आणि अलायन्स एअरने मुंबई जोडली. आपली मुले-मुली पुण्याला, हैदराबादेला कामाला लागली आहेत. तिकीट लवकर काढले तर परवडते. अडते ते ओझ्यापाशी.

हिशेब साधा आहे. रेल्वेत शयनयान वर्गाला माणशी चाळीस किलो सामान फुकट नेता येते, साध्या दुसऱ्या वर्गाला पस्तीस. देशातल्या विमानात बहुधा पंधरा किलो पोटात आणि सात किलो हातात. काही स्वस्त तिकिटांत तर पोटातले सामान धरलेलेच नसते, फक्त हातातली बॅग. जादा किलोमागे काही शे रुपये पडतात. शंभर रुपयांच्या पिठावर त्याहून जास्त भाडे भरायचे, हा कुठला व्यवहार?

तेव्हा बॅगेची निवड महत्त्वाची. बाजारात चाकांच्या टणक पेट्या दिसायला झोकदार असतात, पण रिकामी पेटीच दोन-अडीच किलो भरते. सातातले अडीच तिथेच गेले! त्याऐवजी पाठीवरची कापडी सॅक घ्यावी. रिकामी एक किलोच्या आत असावी. शिंप्याच्या टेपने मोजावी: उंची पंचावन्न सेंटिमीटर, रुंदी पस्तीस, जाडी पंचवीस, याच्या आत बसली म्हणजे बहुतेक ठिकाणी चालते. पट्टे जिथे जोडले आहेत तिथली शिलाई दुहेरी आहे का ते ओढून पाहावे, चेन दहा वेळा उघडझाप करावी. जळगावला येणारी ही एटीआर विमाने सत्तरेक आसनांची. त्यांतले डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मऊ सॅक दाबून बसते, टणक पेटी अडून राहते. खरे सांगायचे तर नवी घेण्याचीही गरज नसते. पोराची शाळेची सॅक धुऊन घेतली तरी भागते. एरंडोल स्थानकावर एस.टी. धरायची, जळगावला उतरून कुसुंब्याची रिक्षा पाहायची, यात दोन्ही हात मोकळे राहिले तर बाईमाणसाचा अर्धा जीव हलका होतो.

आणि थोडक्यात निघणे आपल्याला कोणी शिकवायला नको. ६ डिसेंबरला दादरला जाणारी आपली माणसे पाहा. खांद्याला एक पिशवी, तीत एक जोड कपडे, चादर, दशम्या आणि चटणी. तीन-तीन दिवस त्यावर निघतात. विमान म्हटले की मात्र कोण जाणे का, सगळे घर उचलावेसे वाटते.

अंगावरचे कपडे सोडून दोन जोड पुरतात. जड स्वेटर, बूट असतील ते अंगावर घालावेत, अंगावरचे कोणी तोलत नाही. औषधे, पैसे, कागदपत्रे नेहमी हातातल्या सॅकमध्ये. मोबाईलची पॉवर बँकही हातातच ठेवायची, ती पोटातल्या सामानात चालत नाही. उलट तिखट, लोणचे हातात नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याची वाटी तर कुठेच नको. त्यातल्या तेलाने ते पेट घेण्याचा धोका असतो. आजीबाईंची चंची आधीच तपासावी. अडकित्ता आणि काड्याची पेटी तपासणीत निघाली की परत मिळत नाही. आईच्या हातचा अडकित्ता असा गेला तर सगळा प्रवास कडू होतो.

एक गोष्ट सामानाची नाही, पण सांगून ठेवतो. तिकिटावरचे नाव आधार कार्डाप्रमाणेच हवे. आपल्याकडे घरी एक नाव, शाळेत दुसरे, सासरी तिसरे. पोराने घाईत घरचे नाव घातले तर दारातच अडवतात.

दिवाळीनंतर आक्का नातवाला पाहायला पुन्हा गेली. या खेपेला सॅक आदल्या दिवशी गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. साडेसहा किलो भरली. अर्धा किलो शिल्लक राहिला, त्यात डिंकाचे लाडू बसले. रुमालाची गाठ या वेळी कोणी सोडायला लावली नाही, वाळे हैदराबादेतच घेतले. पीठ आणि तिखट तिच्या मागोमाग टपालाच्या पार्सलने गेले. चार दिवस उशिरा पोचले, इतकेच.