काळा-पांढरा फोटो कसा वाचावा?



काळ्या-पांढऱ्या फोटोला 'कृष्णधवल छायाचित्र' असेही म्हणतात. पण त्यात काळा आणि पांढरा असे दोनच रंग नसतात. मध्ये राखाडीच्या पुष्कळ छटा असतात. असा फोटो आपल्याला काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते मी येथे लिहिले आहे.

प्रथम जुना फोटो कसा तयार होई ते पाहू. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण जिलेटिनमध्ये मिसळून लावलेले असत. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडली की समोरचा उजेड त्या कणांवर पडे. मग अंधारखोलीत ती फिल्म डेव्हलपर नावाच्या द्रावणात बुडवीत. जिथे उजेड जास्त पडला तिथे काळी चांदी तयार होई. उरलेला क्षार 'हायपो'ने धुऊन काढीत, नाहीतर बाहेर आणल्यावर सगळी फिल्म काळी पडायची! फिल्मवर सगळे उलटे दिसे : केस पांढरे आणि दात काळे. हीच निगेटिव्ह. तिच्यातून खास कागदावर उजेड पाडला की उलट्याचे सुलट होई. हे काम तांबड्या दिव्याखाली चाले, कारण तांबड्या उजेडाने तो कागद खराब होत नसे.

म्हणजे फोटोत उतरतो तो उजेड कमी की जास्त, एवढेच. कोणता रंग होता, ते उतरत नाही.

आमच्या घरी आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात आजीचा शालू काळा दिसतो. मी विचारले, "आजी, तू काळा शालू नेसली होतीस का गं?" ती हसायलाच लागली. म्हणाली, "आगं, लग्नात काळं कोण नेसतं व्हय? हिरवागार शालू होता!" गर्द हिरव्यावरून उजेड कमी परततो, म्हणून फोटोत तो काळा आला. हे फोटो सांगू शकला नाही, आजीने सांगितले.

आता आपल्या शाळेचा फोटो पाहा. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मी पहिलीत होते. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करायला शासनाने परवानगी दिली. आम्ही वर्गात परतलो ते एकदम तिसरीत! तेव्हा बाईंनी मोबाइलवर आमचा फोटो काढला आणि शाळेच्या प्रिंटरवर छापला. प्रिंटरमध्ये काळीच शाई, म्हणून तोही काळा-पांढरा झाला. रंगीत चित्र असे बदलताना यंत्र साधारणपणे तांबड्याचा ३०, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ टक्के हिस्सा धरते, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ वाटतो. त्यामुळे गर्द निळा मास्क जवळजवळ काळा दिसतो आणि पिवळा जवळजवळ पांढरा.

परवा आम्ही त्या फोटोतली मुले ओळखायला बसलो. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, दिसतात फक्त डोळे. चौघेजण काही ओळखू येईनात. तेवढ्यात एकाची आई आली. तिने बोट ठेवून सांगितले, "हा आमचा. माझ्या जुन्या साडीचा मास्क शिवला होता, ही बघ नक्षी." मग तिनेच आणखी दोघे ओळखले. राहिली एक मुलगी. ती ऊसतोड कामगारांची. हजेरीत तिचे नाव नव्हते, नुसती बसायला येई. कारखान्याचा पट्टा पडला आणि ती आईवडिलांबरोबर निघून गेली.

साथीतल्या माणसांचे असे पूर्वीही झाले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या वेळचे दवाखान्यांचे आणि रोग्यांचे काळे-पांढरे फोटो आजही आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणी लिहिली नाहीत. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके त्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करीत. १९०० च्या सुमारास तेथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दगावले. त्यांची नावे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत?

आमच्या घरचे सांगते. लग्नाच्या फोटोत मागे चौदा माणसे उभी आहेत. आजोबा एकेकाची नावे सांगायचे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने आजोबा गेले. आजीला तिच्या माहेरची माणसे सांगता येतात. पण आजोबांकडच्या पाच जणांची नावे आता आमच्या घरात कोणालाच येत नाहीत. फोटो स्वच्छ आहे, चेहरे स्पष्ट आहेत, तरी ती माणसे आम्हाला अनोळखी झाली.

म्हणून घरोघरी एवढे करावे. जुने फोटो काढून म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. कोण, कुठल्या गावचे, कोणते साल, लुगड्याचा रंग कोणता, सगळे विचारावे. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे वेगळी चिठ्ठी लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवावी. मोबाइलमधले चार चांगले फोटो तरी छापून घ्यावेत.

शाळेच्या त्या फोटोखाली आम्ही कोरा कागद चिकटवला आहे. दोरीला पेन्सिल बांधली आहे. पालकांनी आपले मूल ओळखून नाव लिहावे. आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, दोन वेण्या घातलेली ती मुलगी कोणाला आठवत असेल, तर तिचेही नाव लिहावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, भवानीनगर