इटलीच्या जेवणात वाइनचे श्रेय किती?

फ्लॉरेन्सहून दक्षिणेकडे निघाले की तासाभरात चिआंतीच्या टेकड्या लागतात. उतारांवर द्राक्षांचे मळे, मधूनच ऑलिव्हच्या बागा आणि माथ्यावर दगडी घरांची गावे. युरोपच्या सहलीला जाणारी मराठी मंडळीही हल्ली इथे वाइन चाखायला थांबतात. पेला हातात आला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘घ्या हो, रेड वाइन हृदयाला चांगली असते!’

या वाक्याचा प्रवास तसा फार जुना नाही. लोणी आणि चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी का, या प्रश्नाला १९९१ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाने ‘रेड वाइन’ असे उत्तर दिले आणि तिथे वाइनची विक्री एकदम वाढली. मग संशोधकांचे लक्ष द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल या द्रव्याकडे गेले. चरबीयुक्त खाद्यावर वाढलेल्या उंदरांना ते दिल्यावर त्यांचे आयुष्य वाढले, असा शोधनिबंध २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बातम्यांत एक गोष्ट मात्र मागे पडली. उंदरांना दिलेल्या मात्रेच्या हिशेबाने माणसाला रोज शेकडो पेले वाइन लागली असती. रेझव्हेराट्रॉलच्या गोळ्यांचा बाजार तरीही उभा राहिलाच.

या समजुतीची खरी परीक्षा झाली ती चिआंतीतच. तिथल्या ग्रेव्हे आणि बान्यो आ रिपोली या दोन ठिकाणच्या ६५ वर्षांवरील ७८३ स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. ही माणसे गोळ्या घेणारी नव्हती. रेझव्हेराट्रॉल त्यांना मिळत होते ते रोजच्या जेवणातून, मुख्यतः वाइनमधून. किती वाइन पिता, हे नुसते विचारून संशोधक थांबले नाहीत (अशा प्रश्नाची उत्तरे जगभर सारखीच सोयीची असतात). त्यांनी लघवीत उतरलेले रेझव्हेराट्रॉलचे अंश मोजले. पुढची नऊ वर्षे या लोकांवर लक्ष ठेवले गेले. त्या काळात २६८ जणांचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा रेझव्हेराट्रॉल सर्वांत जास्त असलेले आणि सर्वांत कमी असलेले यांच्यात आयुर्मान, हृदयविकार किंवा कर्करोग या तिन्ही बाबतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

मग थोडी दारू पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी असतात, असे इतक्या पाहण्यांत कसे दिसले? गोम ‘न पिणाऱ्यां’च्या गटात होती. आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही त्यातच मोजले जात. आधीच खंगलेल्या माणसांशी तुलना केली की समोरचा धडधाकटच दिसणार. शिवाय जेवणासोबत एक पेला घेऊन थांबणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, वेळेवर तपासण्या करून घेणारा असतो. त्या सुखवस्तूपणाचे श्रेय पेल्याला मिळत गेले.

वाइनमधील अल्कोहोल मात्र व्हिस्कीतील अल्कोहोलपेक्षा वेगळे नसते. १५० मिलिलीटरच्या एका पेल्यात ते साधारण १४ ग्रॅम भरते. शरीरात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे मांडली.

खुद्द इटलीत काय घडले, हेही बोलके आहे. १९७० च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई. आज ते प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. याच काळात इटालियन माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ७२ वरून ८३ वर्षांपर्यंत गेले. वाइन कमी केली म्हणून आयुष्य वाढले, असे यातून सिद्ध होत नाही. पण वाइनमुळे ते टिकून होते, हे म्हणणे त्याहून अवघड होते.

त्या टेबलावर वाइनखेरीज काय असते, ते पाहायला हवे. टस्कनीच्या लोकांना इतर इटालियन थट्टेने ‘घेवडाखाऊ’ म्हणतात. पांढऱ्या राजम्यासारख्या दाण्यांवर कच्चे ऑलिव्ह तेल आणि मिरपूड, एवढ्यावरही तिथे जेवण होते. ‘रिबोल्लीता’ हे सूप म्हणजे गडद हिरव्या पानांचा कोबी, घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव एकत्र रटरटवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खायचा पदार्थ. आपल्याकडच्या फोडणीच्या पोळीचे हे लांबचे नातेवाईक, दोन्ही काटकसरीतून जन्मलेले. पावात मीठ नसते. मांस पूर्वी रोजचे नव्हतेच. पास्ता हा जेवणाचा पहिला टप्पा. कोरडा असताना ८० ग्रॅम हे त्याचे तिथले प्रमाण वाढप. तोही दाताखाली किंचित कणखर लागेल इतकाच शिजवतात, त्यामुळे त्यातील स्टार्च हळू पचतो. आपल्या हॉटेलांत क्रीम आणि चीजमध्ये बुडवून एकाच थाळीत येणारा ढीग म्हणजे निराळेच प्रकरण आहे.

सहलीत चव म्हणून पेला घ्यायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या आनंदाचा भाग. औषध म्हणून घेण्यात अर्थ नाही, आणि काहींनी तर जपायलाच हवे. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी वाइन घेतली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. गर्भवतींनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी ती टाळावीच.

चाखण्याच्या टेबलावर पेल्यांशेजारी एक भांडे ठेवलेले असते. चव घेऊन घोट त्यात टाकणे तिथे असभ्य मानत नाहीत; जाणकार मंडळी तेच करतात. आणि जेवणाच्या वेळी नुसते पाणी मागितले, तर वाढणारा एवढेच विचारतो, ‘साधे की बुडबुड्यांचे?’